मॉल, गोदाम आणि स्पर्धेचे नियम

‘ऑनलाइन विक्रीने मॉल बुडवले’ हे विधान आज सर्रास केले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ते तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी मॉलची जन्मभूमी असलेल्या अमेरिकेकडे वळू.

पूर्णपणे छपराखालचा, वातानुकूलित असा तेथील पहिला मॉल १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यातील एडायना येथे उभा राहिला. उपनगरवासीयांना एकत्र येण्यासाठी जागा हवी, ही त्याचा वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रुएन याची कल्पना. व्यवहारातील गणित मात्र निराळे होते. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या भांडारांना अल्प भाड्यात जागा द्यायची आणि त्या गर्दीवर जगणाऱ्या लहान दुकानांकडून चढे भाडे घ्यायचे. साहजिकच मोठे भांडार उठले, की लहान दुकानदाराचा आधारच जाई.

ओहायो राज्यातील नॉर्थ रँडॉल या चिमुकल्या गावी हेच घडले. तेथील मॉल १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा जगातील सर्वांत मोठा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढे गिऱ्हाईक आसपासच्या मॉलमध्ये विभागले, मोठी भांडारे एकामागून एक गेली आणि २००९ मध्ये मॉल बंद पडला. त्याच जागेवर २०१८ मध्ये ॲमेझॉनचे गोदाम सुरू झाले. म्हणजे ऱ्हासाचे बीज मॉलांच्या आपसांतील स्पर्धेतही होते. ऑनलाइन व्यापार हा एकमेव मारेकरी नव्हे.

तथापि तो सर्वस्वी निर्दोष होता, असेही म्हणता येत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निर्णयानुसार, ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान, गोदाम वा नोकर नाही, त्या राज्याला त्याच्यावर विक्रीकर गोळा करण्याची सक्ती करता येत नसे. दुकानदाराला मात्र कर घ्यावाच लागे. हा भेद त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये दूर केला. पण मधली सव्वीस वर्षे कोणी भरून द्यायची?

आपल्याकडेही परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठेने स्वतःची भागीदारी असलेल्या कंपनीचा माल तेथे विकू देऊ नये, असा नियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. कारण हेच : स्पर्धा हवी, पण ती समान नियमांची.

एक प्रश्न तरीही उरतो. गोदामात रोजगार आहे. परंतु लहान व्यापाऱ्याला गाळा नाही, की म्हाताऱ्या माणसाला घटकाभर टेकायला बाक नाही. स्वस्ताईचा हिशेब मांडताना ही वजाबाकीही आपण करावयास नको काय?