माळव्यातला छप्पनचा काळ आणि आयर्लंडचा दुष्काळ

प्रश्न : आमचे घराणे शिंद्यांच्या चाकरीत उज्जैनला आले आणि इथलेच झाले. आजी ताटात उष्टे टाकू देत नसे. 'छप्पनच्या काळात लोकांनी झाडाच्या साली खाल्ल्या,' असे सांगायची. पण माळवा तर सुपीक मुलूख. इथे दुष्काळ पडलाच कसा? मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळाचा उल्लेख आहे. एका पिकामुळे लाखो माणसे मेली, हे खरे का? या दोन दुष्काळांचा काही संबंध लागतो का?
– एक वाचक, उज्जैन

उत्तर : संबंध लागतो. मात्र तो शोधायचा तर आभाळाकडे कमी आणि राज्यकर्त्यांच्या कागदपत्रांकडे जास्त पाहावे लागते.

आजी सांगायच्या तो छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. १८९९ साली पावसाने पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात दगा दिला. राजपुताना, गुजरात, काठेवाड, मध्य प्रांत, दख्खन आणि माळवा एकाच वेळी सापडले. माळव्याची काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून एखादे वाईट वर्ष इथला शेतकरी निभावून नेई. मारवाडात पाऊस नाही झाला की तिथली माणसे गुरे हाकत माळव्यात उतरत, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत होती. छप्पनमध्येही ती माणसे आली. पण त्या वर्षी इथल्याच गुरांना चारा नव्हता. जनावरे पटापट मेली आणि त्यांच्याबरोबर पुढच्या हंगामाची नांगरटही गेली. लोक कंदमुळे शोधू लागले. राजस्थानात खेजडीची साल दळून खाल्ल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात, तेव्हा आजींचे बोलणे शब्दशः घ्या. मग १९०० मध्ये पटकी आली आणि पाऊस पडल्यावर हिवताप. उपाशी शरीरांना ही दुखणी झेपली नाहीत.

उज्जैन, इंदूर, रतलाम हा मुलूख ज्या सेंट्रल इंडिया एजन्सीत मोडत होता, तिची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी ३ लाख होती. १९०१ मध्ये ती ८६ लाखांवर आली. ही सगळी माणसे छप्पननेच नेली असे नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आणि साथी त्यात आहेत, काही माणसे मुलूख सोडूनही गेली. तरी दहा वर्षांत सहा माणसांमागे एक कमी होणे म्हणजे काय, ते आपल्या गल्लीतली घरे मोजून पाहिले की कळते.

सुपीक मुलखात हे का घडले? उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते आणि रेल्वे इथवर आलेली होती. गाडीने धान्य येऊ शकत होते. पण शेत पडीक राहिले की शेतमजुराची मजुरी बुडते, विणकराचे गिऱ्हाईक जाते, गुरे मातीमोल विकावी लागतात आणि त्याच वेळी धान्याचा भाव चढतो. बाजारात पोती असतात, हातात पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवून दिले : धान्य कमी पडल्याने दुष्काळ होतोच असे नाही, धान्य मिळवण्याची ऐपत नाहीशी झाली की माणसे मरतात. संस्थानांतही दुष्काळी कामे निघाली, पण ब्रिटिश मुलखाइतकी तयारी तिथे नव्हती.

आता आयर्लंडकडे वळू. १८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर करपा पडला आणि पीक जमिनीतच सडले. पुढच्या वर्षी तर जवळजवळ सगळेच गेले. पण एका पिकावर एवढी माणसे अवलंबून का होती? जमीन जमीनदारांची, त्यांतले अनेक इंग्लंडमध्ये राहणारे. कुळाने गहू, ओट आणि डुकरे विकून खंड भरायचा आणि उरलेल्या तुकड्यावर बटाटा लावून पोट भरायचे. तेवढ्याशा जमिनीत कुटुंब जगवणारे दुसरे पीक नव्हते. त्यामुळे बटाटा गेला तेव्हाही बंदरांतून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जात राहिली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांवर माणसे रस्त्यांच्या दुष्काळी कामांवर होती. मजुरी इतकी तुटपुंजी की त्यात घर चालेना. त्या उन्हाळ्यात सरकारने सार्वजनिक भटारखाने उघडले आणि जुलैत रोज तीस लाख माणसांना शिजवलेले अन्न मिळाले. म्हणजे ठरवले तर जमत होते. तरीही काही महिन्यांत ते बंद केले गेले. मदत हवी असेल तर पाव एकराहून जास्तीची जमीन सोडा, असा कायदाही झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्यांतली बहुतेक साथीच्या रोगांनी, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली.

या मदतीची सूत्रे लंडनच्या खजिन्यात बसलेल्या चार्ल्स ट्रेव्हेल्यनच्या हाती होती. तरुणपणी तो कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होता आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला. व्यापारात सरकारने हात घालू नये, फुकटच्या मदतीने माणूस आळशी होतो, हा त्याचा सिद्धान्त. तोच सिद्धान्त पुढे इथेही चालला. १८७३-७४ मध्ये बंगाल-बिहारात रिचर्ड टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि फार थोडी माणसे दगावली. शाबासकीऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ मध्ये दख्खन-मद्रासच्या दुष्काळात त्याच टेंपलने खडी फोडणाऱ्याची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून विरोध केला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. त्या दुष्काळात देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली.

एक उलटा धागाही आहे. छप्पननंतर नेमलेल्या १९०१ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष अँटनी मॅकडॉनेल हे आयरिश होते, करपा पडण्याच्या आदल्या वर्षी जन्मलेले. माणूस खचण्याआधी मदत पोचली पाहिजे, तगाई आणि सारातहकुबी वेळेवर जाहीर झाली पाहिजे, असे त्यांच्या आयोगाने आग्रहाने सांगितले.

परिणामांत मात्र दोन्ही मुलूख वेगळे झाले. माळव्याची लोकसंख्या १९०१ नंतर पुन्हा वाढू लागली. आयर्लंडची १८४१ मध्ये ८१ लाखांवर होती, १८५१ मध्ये ६५ लाख झाली आणि पुढे कित्येक दशके उतरतच राहिली. आजही उत्तर-दक्षिण मिळून १८४१ चा आकडा ओलांडलेला नाही. मेले आणि देशोधडीला लागले ते मुख्यतः पश्चिमेकडचे गरीब, आयरिश बोलणारे लोक. त्यामुळे भाषेचा कणाच मोडला. जे अमेरिकेला पोचले त्यांनी इंग्रज राजवटीवरचा राग जपला आणि पुढच्या स्वातंत्र्यलढ्याला पैसा पुरवला.

मुलाला १९७२ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळाबद्दलही जरूर सांगा. पिके बुडाली, लोकांनी सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी खाल्ली, पाझर तलाव खोदले, खडी फोडली. १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे कामावर होती. हाल झाले, पण छप्पनसारखी माणसे मेली नाहीत. सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली होती (वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीने काम मागण्याचा कायदेशीर हक्क पुढे १९७७ च्या कायद्याने दिला), आणि उपासमारीचा जाब विधानसभेत, वर्तमानपत्रांत, मोर्चांत विचारला जात होता. ट्रेव्हेल्यनला आयर्लंडमधल्या कुळाच्या मताची गरज नव्हती, टेंपलला दख्खनच्या मजुराच्या मताची नव्हती. अवर्षण निसर्ग आणतो. त्यात किती माणसे मरू द्यायची, हे राज्यकर्ते ठरवतात. म्हणून राज्यकर्त्याला जाब विचारण्याचा हक्क हीच दुष्काळावरची पहिली तरतूद आहे.

छप्पनच्या सरकारी नोंदी पोती, रुपये आणि मैल मोजतात. घरांत काय घडले ते त्यांत फार थोडे सापडते. माळव्यातल्या मराठी घरांत ऐकीव आठवणी अजून आहेत. गावाच्या आणि नात्याच्या उल्लेखासह त्या आताच लिहून ठेवा. सांगणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.