आजोबा कशाने गेले? मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि आपले आरोग्य

नवीन रुग्ण तपासताना आम्ही डॉक्टर मंडळी एक प्रश्न हमखास विचारतो. "घरात कुणाला साखर, रक्तदाब, हृदयविकार?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "नाही, आमच्या घरात कोणालेच काही नव्हतं." मग मी विचारतो, "वडील आहेत?" "नाही, वारले." "कशाने?" "ताप आला अन् गेले." "वय काय होते?" "असेल पन्नास-पंचावन्न."

आता पन्नास-पंचावन्न हे काही जाण्याचे वय नव्हे. शेतात राबणारा धडधाकट माणूस त्या वयात जातो, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असते. ते कारण कधी कधी मुलांच्या आणि नातवांच्या अंगातही दबा धरून बसलेले असते. म्हणून आपली माणसे कोणत्या वयात आणि कशाने गेली, हे कसे शोधायचे, याची माहिती आज घेऊ या.

हे कळून उपयोग काय?

वडील किंवा भाऊ यांना वयाच्या ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर वैद्यकशास्त्र तो धोक्याचा इशारा मानते. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता वाढते. दोघांनाही असेल तर आणखी वाढते. उच्च रक्तदाब आणि स्तनाचा कर्करोग यांतही घराण्याचा संबंध दिसतो. याचा अर्थ आजार होणारच, असा मुळीच नाही. तपासणी लवकर सुरू करावी आणि तंबाखू सोडावी, एवढाच त्याचा अर्थ.

याची दुसरी बाजूही आहे. "आमच्या घराण्यात साठीच्या पुढे कोणी जातच नाही," अशी धास्ती घेऊन जगणारी माणसे मी पाहतो. नोंद काढून पाहिली तर आजोबा पटकीने, चुलत आजोबा प्लेगने, तर पणजोबा देवीने गेलेले निघतात. हे साथीचे रोग. ते रक्तातून पुढच्या पिढीत उतरत नाहीत. अशा घरातील माणसाची निम्मी भीती कागद वाचूनच जाते.

सुरुवात घरापासून

सरकारी कचेरीत जाण्याआधी घरातील जुन्या माणसांशी बोला. पितृपक्षात कोणाचे पान कोणत्या तिथीला वाढतात, हे त्यांना पक्के माहीत असते. तिथीवरून साल कळत नाही, पण महत्त्वाचा धागा मिळतो. अविधवा नवमीला जिचे पान असते, ती बाई नवऱ्याच्या आधी गेली. मग विचारा, बाळंतपणात गेली का? चतुर्दशीला पान असेल तर अपघात किंवा घातपाताचा मृत्यू असण्याचा संभव असतो.

साल ठरवायला गावातील मोठ्या घटनांचा आधार घ्या. कोणता दुष्काळ, कोणता पूर, कोणाच्या लग्नानंतर, असे विचारले म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बरोबर आठवते. "बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी" म्हटले, की १९७४ साल हाती आले.

दुसरा पुरावा शेतीच्या कागदात असतो. खातेदार वारला, की वारसाची नोंद होते आणि फेरफार पडतो. गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही आणि गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही. यांत मृत्यूची तारीख मिळू शकते. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घ्या. दोन तारखा मिळाल्या, की वय आपोआप निघते. वैद्यकीय दृष्टीने मृत्यूचे वय हीच निम्मी माहिती आहे.

कोतवाल बुक

त्याहून जुनी नोंद हवी असेल तर आपल्या वऱ्हाडात "कोतवाल बुक" शोधावे लागते. गावचा कोतवाल घरोघरच्या जन्ममृत्यूची बातमी आणी आणि त्याची गावच्या नोंदवहीत नोंद होई. महसूल खात्याच्या भाषेत हा गाव नमुना १४. त्यात साधारणपणे तारीख, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण असे रकाने असतात.

ही पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये असतात. गावाचे नाव, अंदाजे साल आणि व्यक्तीचे नाव देऊन नकलेसाठी अर्ज करावा व ठरलेली फी भरावी. येथे एक अडचण लक्षात ठेवा. इंग्रजी अमदानीत १९०५ नंतर आपल्या जिल्ह्यात चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव असे पाचच तालुके होते. सिंदखेड राजा हा वेगळा तालुका नव्हता. त्यामुळे आमच्या दुसरबीड भागातील एखादे जुने पुस्तक सिंदखेड राजाला मिळाले नाही, तर निराश न होता जुन्या तालुक्याच्या ठिकाणी आणि बुलढाण्याला जिल्हा अभिलेख कक्षात चौकशी करावी.

आईकडचे घराणे विसरू नका. आजार जसे बापाकडून येतात तसेच आईकडूनही येतात. आपल्याकडच्या कितीतरी सुना जालना भागातून आलेल्या. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील जुने कागद उर्दू किंवा मोडीत असू शकतात. आपल्याकडेही जुन्या पानांवर मोडी भेटते. अशा वेळी मोडी जाणणाऱ्याची मदत घ्यावी, अंदाजाने वाचू नये.

नावे शोधताना ताठर राहू नका. पुस्तकात घरचे हाकेचे नाव असते, आडनाव बहुधा नसतेच. बाईची नोंद अनेकदा "अमक्याची बायको" एवढीच असते. वयही अंदाजाने टाकलेले, चाळीस, पन्नास, साठ असे गोळाबेरीज. सांगितलेल्या सालाच्या मागची आणि पुढची दोन-तीन वर्षे अवश्य पाहावीत.

आता एक गंमत सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला. त्या काळात अनेक घरांनी कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. जातीचा रकाना वाचला आणि कागद पिशवीत घालून कपाटात ठेवला. ती नक्कल मृत्यूच्या नोंदीची असेल तर त्याच ओळीत वय आणि कारणही असू शकते. ते आता वाचा.

१९७० नंतरच्या नोंदी

जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ साली झाला आणि महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरची खेड्यातील नोंद ग्रामपंचायतीत आणि शहरातील नोंद नगरपालिकेत वा महानगरपालिकेत मिळते. सीमेवरच्या सालांसाठी तहसील आणि ग्रामपंचायत अशी दोन्हीकडे चौकशी करावी.

येथे लोक नेमके चुकतात ते ठिकाणात. मृत्यू जेथे झाला तेथे नोंद होते, माणूस जेथे राहत होता तेथे नाही. दुसरबीडचा माणूस छत्रपती संभाजीनगरला घाटीत वारला असेल तर नोंद तेथील महानगरपालिका हद्दीत शोधावी लागेल. अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये गेला असेल तर अकोल्यात. नोंद सापडलीच नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला मागता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. ते लिहायचे राहून गेलेले नसते. कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदवहीतील कारण दाखल्यावर उघड करता येत नाही. गेलेल्या माणसाचा आजार चारचौघांत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू समजावा. त्यामुळे दाखल्यावरून फक्त तारीख घ्या आणि कारणासाठी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, क्ष-किरण फोटो यांचा शोध घ्या. जुन्या ट्रंकेतील एखादे पिवळे पडलेले कार्ड दहा साक्षीदारांपेक्षा जास्त सांगते.

जुन्या शब्दांचा अर्थ कसा लावावा?

कोतवाल काही वैद्य नव्हता. घरच्यांनी सांगितले ते लिहिले गेले. म्हणून शब्द जपून वाचावेत.

ताप : यात हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया सगळे आले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्यप्रांत व वऱ्हाडाला देशात फार मोठा फटका बसला होता. त्या वर्षाच्या अखेरीस एकाच घरातील दोन-तीन तरुण माणसे काही दिवसांच्या अंतराने "तापाने" गेलेली दिसली, तर ती बहुधा याच साथीत गेली.

पटकी, महामारी, हगवण, देवी, गाठीचा ताप : हे सारे साथीचे किंवा दूषित पाण्याचे आजार. घराण्याचा दोष नाही.

खोकला, क्षय : क्षय आनुवंशिक नाही, सहवासाने होतो. मृत्यू अलीकडचा असेल तर घरातील सर्वांनी तपासणी करून घ्यावी.

लकवा, वारे गेले : पक्षाघात. मागे बहुधा रक्तदाब असतो. मुलांनी तिशीपासून रक्तदाब मोजत राहावा.

काळपुळी, पाय सडला, जखम भरली नाही : येथे मधुमेहाची शंका घ्यावी, मग पूर्वी साखर तपासलेली असो वा नसो.

सूज, जलोदर : हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांपैकी काहीही. एका शब्दावरून निर्णय करू नये.

छातीत कळ, अचानक, झोपेत : वय कमी असेल तर गंभीरपणे घ्यावे.

पान लागले : म्हणजे सर्पदंश. नव्या पिढीला हा शब्द कळत नाही.

बाळंतपण : रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा झटके. रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांची प्रवृत्ती मायलेकींत दिसते. अशा घरातील गरोदर मुलीचा रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजून घ्यावा.

एकाच घरात लहान मुले ओळीने गेली असतील आणि त्यांना सांधेदुखी, कावीळ, अंग पांढरे पडणे असा त्रास असेल, तर सिकलसेलची रक्ततपासणी करावी. विदर्भात हा आजार आढळतो.

एक उदाहरण

त्रेचाळीस वर्षांचा एक शेतकरी जेवणानंतर छातीत जळजळ होते म्हणून आला. पित्ताची गोळी त्याने स्वतःच सुरू केली होती. वडील कशाने गेले, हे त्याला सांगता येईना. मी त्याला घरातील कागद घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची पिशवी आली. वडिलांचा शाळेचा दाखला आणि वारसाचा फेरफार जोडून पाहिला, तर वय निघाले ५१. जातीच्या दाखल्यासाठी काढलेल्या नकलेत आजोबांचे वय ४६ आणि कारण "छातीत कळ". पहिल्याच दिवशी काढलेल्या ईसीजीत फारसे काही नव्हते. तरीही हे दोन आकडे पाहून मी त्याला जालन्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविले. तेथे रक्तवाहिनीतील अडथळा सापडला आणि वेळेवर उपचार झाले. नंतर त्याच्या दोन्ही भावांची तपासणी झाली. धाकट्याचा रक्तदाब वाढलेला होता, त्याला पत्ताही नव्हता.

आजची नोंद उद्यासाठी

आपल्या नातवंडांवर कोतवाल बुक चाळण्याची वेळ येऊ नये, हे आपल्या हातात आहे. घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. उशीर झाला तर फी, स्वयंसाक्षांकित कागदपत्र आणि एक वर्ष उलटल्यास थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असे हेलपाटे वाढत जातात.

रुग्णालयात मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र विनामूल्य देणे बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावयाची असते. ती मागून घ्या. घरी मृत्यू झाला आणि आजारपणात एखादा डॉक्टर उपचार करीत होता, तर त्यानेही असे प्रमाणपत्र पैसे न घेता द्यायचे आहे.

कारण सांगताना "म्हातारपण" किंवा "हृदय बंद पडले" एवढ्यावर थांबू नका. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ते कशामुळे बंद पडले, हे लिहिले तरच नोंदीला अर्थ. वीस वर्षांची साखर, त्यातून मूत्रपिंड निकामी, ही साखळी कागदावर आली पाहिजे. दारू, विष किंवा क्षय अशी कारणे लाजेपोटी लपविली जातात. पण दाखल्यावर ती छापली जात नाहीत, तेव्हा लाज धरण्याचे कारण नाही.

शेवटी एवढेच करा. एका वहीचे एक पान घ्या. स्वतःची भावंडे, आईवडील, चुलते-आत्या, मामा-मावश्या आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांची नावे लिहा. प्रत्येकापुढे आजार कोणता, तो कोणत्या वयात सुरू झाला, मृत्यू कोणत्या वयात, कारण काय आणि ही माहिती कागदावरून मिळाली की ऐकीव आहे, असे पाच रकाने भरा. माहीत नसेल तेथे रकाना मोकळा ठेवा, खोटे भरू नका. ज्यांना सगळे आठवते ती ऐंशी-पंच्याऐंशीची माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत, तोवर हे काम उरकून घ्या. आणि तब्येत दाखवायला जाल तेव्हा ते पान डॉक्टरांपुढे ठेवा.