माळ्याचा वासा : एक वस्तुपाठ

गेल्या वर्षीं दिवाळीची सुटी संपल्यावर आठवीच्या वर्गांतील एक मुलगा डावा हात गळ्यांत बांधून शाळेंत आला. ज्वारीच्या राखणीसाठीं शेतांत घातलेल्या माळ्यावर चढतांना वासा मोडून तो खालीं पडला होता. आपल्या शाळेंत खेड्यांतून येणारीं मुलें पुष्कळ आहेत, आणि सुटींत घरीं गेल्यावर रानडुकरांसाठीं रात्रीची जागल करणें त्यांपैकीं अनेकांच्या वांट्यास येतें. म्हणून तो मोडका वासा मीं मागविला व त्यावरच एक तास घेतला. तोच धडा येथें देत आहें. तो मुलांइतकाच त्यांच्या वडील माणसांसाठींही आहे.

वाशाची साल जशीच्या तशी होती. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांत कांहींच उणें दिसलें नसतें. पण साल नखानें उचलतांच खालून पिठासारखा भुगा गळूं लागला. लांकडाचा मधला गाभा कठीण असतो, बाहेरचा थर मऊ व पिष्टयुक्त. किडे ह्या बाहेरच्या थरावर तुटून पडतात, आणि साल काढली नाहीं म्हणजे तिच्या आडोशानें त्यांचें काम अधिकच सुखानें चालतें. हा वासा मूळचा तीन इंच जाडीचा. चोहोंकडून अर्धा इंच पोखरला गेल्यामुळें निरोगी लांकूड दोन इंच उरलें होतें. “मग बळ किती उरलें?” असें मीं विचारलें. “दोन-तृतीयांश,” असें सारा वर्ग एका सुरांत म्हणाला.

घात होतो तो ह्याच हिशेबानें. गोल वाशाचें बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतें. तिनाचा घन २७, दोहोंचा ८. जो वासा नवा असतांना २७० किलो पेलीत होता, तो आतां ८० किलोंनाच मोडेल. शिवाय माळ्यावर हळूच कोण बसतो? शिडीवरून धपकन अंग टाकण्याची सर्वांनाच संवय. भार असा एकाएकीं पडला कीं लांकडावरील ताण दुपटीस जातो, म्हणजे चाळीस किलोंचा मुलगाही त्यास पुरे होतो. आमचा विद्यार्थी साधारण तेवढ्याच वजनाचा आहे.

किडीखेरीज दुसरा शत्रु पाणी. जोडांत, खिळ्याभोंवतीं, दोराच्या वेढ्याखालीं पाणी मुरतें व लांकूड कुजतें. सर्वांत अधिक कुजतें तें खांब जमिनींत शिरतो त्या जागीं. वरून ठणठणीत दिसणारा खांब तेथें भुसभुशीत झालेला असूं शकतो. परीक्षा अगदीं सोपी आहे. दाभण टोंचून पाहावा. खपकन आंत गेला तर तें लांकूड टाकून द्यावें. हातोडीनें ठोकल्यास चांगलें लांकूड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें. दोर दरवर्षीं नवे घ्यावेत. बांबूस खिळे मारूं नयेत, तो चिरतो, तो बांधावा. “आमचा माळा आजोबांच्या वेळचा,” असें कित्येक पालक अभिमानानें सांगतात. बियाण्यावर हजारों रुपये घालणारा शेतकरी दोराच्या एका वेटोळ्यास कां कचरतो, हें मला आजवर उमगलेलें नाहीं.

झाडावर माळा बांधणाऱ्यांनीं झाड जिवंत आहे हें विसरूं नये. वाऱ्यांत दोन फांद्या दोन दिशांस हेलावतात, आणि दोहोंस खिळलेली फळी त्या ओढाताणींत सैल होते. शेवग्याची व जांभळाची फांदी किती ठिसूळ, हें मुलांना मीं काय सांगावें!

आतां उंचीविषयीं. १६ फुटांवरून पडणारा मनुष्य एका सेकंदांत जमिनीवर येतो, व आपटतांना त्याचा वेग ताशीं सुमारें ३५ किलोमीटर असतो. उंची ८ फूट केली कीं आघाताची शक्ति निम्मी होते. शिकाऱ्यांना उंच मचाण लागे, कारण गांठ वाघ-बिबळ्यांशीं असे. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यास जिम कॉर्बेट यांनीं १९२६ सालीं मारलें, तें आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसून. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौसेची शिकार आपल्याकडे बंद झाली, पण उंच माळ्याची हौस राहिली. रानडुकरासाठीं एवढें उंच चढण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेंत हरणांची शिकार झाडावर बसून अद्यापि चालते. तेथें शिकाऱ्यांच्या शिक्षणांत घरीं केलेलें लांकडी मचाण वापरूं नये असेंच सांगतात. चढतांना दोन हात व दोन पाय यांपैकीं तीन सदैव आधारावर असावेत, आणि पाय जमिनीवरून सुटल्यापासून खांद्या-मांड्यांभोंवतीं बसणारा पट्टा खोडाला बांधलेला असावा, असा तेथील पाठ आहे. ह्यांतील मर्म ध्यानांत घ्या : माणूस बांधावयाचा तो झाडाला, माळ्याला नव्हे. माळा गेला तरी माणूस राहतो. नुसता दोर कंबरेस बांधणें मात्र वाईट. लोंबकळल्यास तो पोटांत रुततो व श्वास कोंडतो.

त्या मुलाच्या वडिलांनीं यंदा नवा माळा घातला आहे. वासे सोललेले आहेत आणि उंची सात फूट आहे. जुनें लांकूड चुलींत गेलें. मोडका तुकडा विज्ञानाच्या कपाटांत ठेविला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें.