काच साफ ठेवणारा मासा

माझा पाळलेला मासा वाघ्या, त्याला जाऊन दोन महिने झाले, तरी भेटणारा प्रत्येक जण म्हणतोच, "पाणी बदललं नसेल तुम्ही." म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पाणी दर रविवारी बदलत होते, चौथा हिस्सा. नळाचं पाणी आधी ड्रममध्ये भरून, त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकून. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा टाकीवर पंखा लावून आणि वीज गेली की बॅटरीचा एअर पंप सुरू करून मी त्याचे तीन उन्हाळे निभावले. तो गेला ऑगस्टमध्ये, हवा गार झाल्यावर.

टायगर ऑस्कर होता. दोन इंचांचा आणला, अकरा इंचांचा झाला. चार फुटांच्या टाकीत एकटाच असायचा. मी शाळेतून आले की काचेशी येऊन शेपटी हलवायचा, हातातून दाणे घ्यायचा. काचेवर हिरवं शेवाळ धरायचं, तेवढीच काय ती माझी तक्रार.

ती मी दुकानात बोलून दाखवली. वर्षानुवर्षं जिथून सगळं सामान घेतलं तेच दुकान. दुकानदार म्हणाला, "सकर टाका न ताई. मोठाच न्या, म्हणजे ऑस्कर गिळणार नाही." मी विचारलं, त्याला खायला काय द्यायचं? "काही नाही लागत जी. काच चाटूनच पोट भरते त्याचं." वाघ्याला त्रास देईल का, हेही विचारलं होतं. "काऊन टेन्शन घेता?" एवढंच उत्तर मिळालं. सात इंचांचा सकर घेऊन मी घरी आले.

आठवड्याभरात काच लख्ख झाली. मला आनंद झाला. काच लख्ख झाली म्हणजे सकरचं जेवण संपलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चार महिन्यांनी वाघ्याच्या अंगावर फिकट गोल डाग दिसू लागले. शेपटीजवळ ऑस्करला केशरी कडेचा काळा ठिपका असतो, डोळ्यासारखा. त्याची एक बाजू पुसल्यासारखी झाली होती. दुकानदाराला फोटो दाखवला. "दगडाला घासलं असेल." मी टाकीतला एकेक दगड काढला. डाग वाढतच गेले.

मग एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले. टाकीतून पाणी हिसळल्याचा आवाज आला. मोबाईलचा टॉर्च लावला. वाघ्या तळाशी कलून झोपायचा तसा पडला होता आणि सकर त्याच्या कुशीला तोंड लावून चिकटला होता. वाघ्यानं अंग झटकलं, सकर सुटला, दोन मिनिटांत परत येऊन त्याच जागी बसला. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगापासून रक्षण करतो. उपाशी सकर तोच खरवडून खात होता. किती रात्री हे चाललं असेल! मी पलीकडच्या खोलीत झोपलेली होते.

त्याच रात्री सकरला बादलीत काढलं. पण जखमांवर कापसासारखी बुरशी धरली होती. मीठ, निळं औषध, सगळं केलं. नवव्या दिवशी वाघ्या गेला.

त्या रात्री मोबाईलवर काढलेला व्हिडिओ घेऊन दुकानात गेले. त्यानं पुरता पाहिलाही नाही. "ऑस्कर आधीच आजारी असंल. मरायला टेकलेल्या माशालाच सकर चिकटते." सकर मेलेला मासा खातो हे खरं आहे, पण व्हिडिओ काढला त्याच संध्याकाळी वाघ्यानं माझ्या हातून दाणे खाल्ले होते. वर म्हणाला, "नवीन पिल्लू न्या, कमी करून देतो." मी काही न बोलता बाहेर पडले. चूक झाली एवढं जरी म्हणाला असता, तरी हे लिहायला बसले नसते.

आता ज्यांच्या घरी मोठा मासा आहे, त्यांच्यासाठी.

चार फुटांच्या टाकीत ऑस्कर एकटा ठेवा. तो एकटा असला म्हणून दुःखी नसतो. त्याला सोबत तुमची पुरते. टाकी सहा फुटांची असेल तर पाच-सहा सिल्व्हर डॉलर मासे चालतात, पण चांगले वाढलेले. ऑस्करच्या तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याचं अन्न आहे. टेट्रा, गप्पी विसरा. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, तोही नको. फ्लॉवरहॉर्न कुणाबरोबरच नको. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारं पिल्लू पंगासचं असतं, ते मीटरभर वाढतं.

सकर ठेवायचाच तर दिवे मालवल्यावर रोज काकडी किंवा वाफवलेला दोडका द्या आणि टाकीत लाकूड ठेवा. पाळलेल्या माशाच्या अंगावर गोल डाग दिसले तर दिवसा पाहून उपयोग नाही, रात्री टॉर्च घेऊन बसा. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. घाई करू नका, चार ठिकाणी विचारा. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका.

आणि नको झालेला मासा तलावात सोडू नका. "फुटाळा तलावात सोडून दे," असं मला घरातल्यांनीच सुचवलं. सकर आपल्याकडचा नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. उजनीच्या जलाशयात हे मासे मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. त्यांचे काटे जाळ्यात अडकतात आणि बाजारात त्यांना कुणी विचारत नाही.

माझा सकर अजून माझ्याकडेच आहे, वेगळ्या टाकीत. त्याच्यावर राग धरला नाही; त्याला उपाशी मीच ठेवलं होतं, कुणाच्या का सांगण्यावरून होईना. रोज रात्री त्याला काकडी देते. काकडी मिळू लागल्यापासून तो शेवाळाला फारसं तोंड लावत नाही. काच मी हातानं पुसते. पाच मिनिटं लागतात.