लिपी, किल्ली आणि संप्रेरक : जीवरसायनातील तीन मराठी शब्दांविषयी

शास्त्रीय परिभाषेतील पुष्कळशी नावे म्हणजे गोठलेली रूपके होत. शास्त्र पुढे सरकले की ती रूपके उघडी पडतात. पेशींवरील संप्रेरक-ग्राहींना कृत्रिम डीएनए रेणूंनी कार्यप्रवृत्त करण्याचे जे प्रयोग अलीकडे झाले, त्यांचे मराठीत निरूपण करू जाता याचा प्रत्यय येतो.

‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी प्रचारात आणला. चेतवणे, गती देणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो साधला आहे. मराठी विश्वकोशाने तो तसाच ठेवून कंसात ‘उत्तेजक स्राव’ अशी फोड केली. शालेय पुस्तकांत ‘संप्रेरक’ रूढ झाला. जबलपूर हे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातील शहर. तेथील गोरखपूर भागातील मराठी घरातला जो विद्यार्थी हिंदीतून विज्ञान शिकतो, त्याला पुस्तकात ‘हार्मोन’ आणि ‘ग्राही’ भेटतात. ‘ग्राही’ दोन्ही भाषांना समान आहे. ‘संप्रेरक’ मात्र त्याला मराठीतूनच मिळावा लागतो. स्टार्लिंग यांच्या मनातील धातूचा अर्थ या मराठी शब्दात शाबूत आहे, ‘हार्मोन’मध्ये तो कानाला कळत नाही.

आता प्रयोगाकडे वळू. डीएनएचा एकेरी धागा पाण्यात स्वतःभोवतीच दुमडतो आणि क्रमानुसार त्याला निरनिराळे आकार येतात. असे असंख्य धागे तयार करून, त्यांतून विशिष्ट प्रथिनाला घट्ट बिलगणारे निवडण्याची रीत १९९० नंतर विकसित झाली. या निवडलेल्या रेणूंस अ‍ॅप्टामर म्हणतात. दक्षिण कोरियातील पोहांग येथील संशोधकांनी २०१५ साली आयआर-ए४८ या अ‍ॅप्टामरचे वर्णन प्रसिद्ध केले. तो इन्शुलिनच्या ग्राहीला चिकटतो, पण इन्शुलिनच्या जागी नव्हे, वेगळ्याच ठिकाणी. तरीही ग्राही जागा होतो. नवल पुढेच आहे : इन्शुलिनमुळे ग्राहीच्या आतील अंगावर अनेक ठिकाणी फॉस्फेट जडतात, तर या रेणूमुळे ते मुख्यत्वे एकाच ठिकाणी जडले. परिणामी पेशी साखर आत घेऊ लागल्या, परंतु पेशींची वाढ व विभाजन यांना चालना मिळाली नाही. इन्शुलिनची दोन कामे येथे एकमेकांपासून सुटी झाली.

डीएनएविषयी मराठीत लिहिताना लिपी, अक्षरे, संदेश ही रूपके जवळजवळ अपरिहार्य झाली आहेत, आणि आनुवंशिकतेच्या संदर्भात ती शोभतातही. येथे मात्र पेशी काहीही वाचत नाही. अक्षरांचा क्रम महत्त्वाचा खरा, पण तो घडी ठरवतो म्हणून. अर्थ सांगतो म्हणून नव्हे. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा कागदाची होडी कशी झाली, एवढाच प्रश्न उरतो.

कुलूप-किल्लीचे रूपक एमिल फिशर यांनी १८९४ साली विकरांसाठी योजिले, आणि ग्राहींच्या वर्णनात ते पुढे सरसकट वापरले गेले. परंतु किल्लीच्या भोकात न शिरता कुलूप उघडणारी, तेही अर्धेच उघडणारी वस्तू या चित्रात बसत नाही. त्यापेक्षा घरातला अडकित्ता जवळचा वाटतो. इन्शुलिनचा ग्राही दोन जुळ्या अर्धांचा बनलेला असतो. बाहेरचे भाग विशिष्ट रीतीने वळले की आतले भाग जवळ येऊन कामाला लागतात. दांड्यावर हात कोठे पडतो आणि दाब किती, यावर सुपारीचे खांड होणार की बारीक कात्रण हे ठरते. ‘ग्राही’ या शब्दात मुकाट्याने स्वीकारण्याची जी छटा आहे, ती अशा वेळी आड येते.

‘उत्तेजक स्राव’ ही फोडही येथे टिकत नाही, कारण हा रेणू कोणत्याही ग्रंथीतून स्रवत नाही. तो प्रयोगशाळेत जोडला जातो. ‘संप्रेरक’ उगमाविषयी काही बोलत नाही, कार्याविषयीच बोलतो, म्हणून ‘कृत्रिम संप्रेरक-सदृश डीएनए’ अशी रचना मराठीत विरोधाभासाविना करता येते.

साधा डीएनए धागा रक्तातील विकरे लवकर तोडून टाकतात. आयआर-ए४८मध्ये रासायनिक फेरफार केलेले घटक योजले आहेत. इन्शुलिनऐवजी रुग्णाला देता येईल असे औषध यातून अद्याप आलेले नाही.