निर्वात नलिकेची चिन्हे कशी वाचावीत

ऑल इंडिया रेडिओचे तिरुचिरापल्ली केंद्र १६ मे १९३९ रोजी सुरू झाले. तेथून सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणम् शहरास त्यामुळे जवळचे केंद्र लाभले. त्या काळचे रेडिओ संच निर्वात नलिकांवर, म्हणजेच व्हॉल्व्हवर, चालत. भारतात मिळणारे संच ब्रिटिश, डच, अमेरिकन अशा निरनिराळ्या घडणींचे असत आणि प्रत्येकाची मंडलाकृती त्या त्या देशाच्या व काळाच्या रीतीने रेखिलेली असे. आज असा जुना संच दुरुस्तीस घेणाऱ्या विद्यार्थ्यास एकाच प्रकारच्या नलिकेची तीन आकृत्यांत तीन चिन्हे आढळतात.

मराठी वाचकास हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. कुंभकोणम्‌जवळच्या तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीतील मोडी कागद आहेत. एकच शब्द मोडीत एक रूप घेतो व बाळबोधीत दुसरे. अर्थ मात्र बदलत नाही. व्हॉल्व्हच्या चिन्हांचेही तसेच आहे. मात्र प्रत्येक रीत काय दाखविते आणि काय गाळते, हे जाणून घेतले पाहिजे.

चित्रापासून चिन्हाकडे

फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन विद्युत्-अग्रांची नलिका सिद्ध केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे अग्र घातले. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, धनाग्र त्यांना ओढून घेते आणि मधली जाळी त्यांचा ओघ कमीअधिक करते. अशा तीन अग्रांच्या नलिकेस ट्रायोड म्हणतात.

डी फॉरेस्ट यांची जाळी म्हणजे नागमोडी वाकविलेली तार होती. म्हणून जुन्या आकृत्यांत जाळी नागमोडी रेघेने दाखवीत. ते त्या तारेचे चित्रच होय. पुढे जाळी मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या तारेची होऊ लागली. असे वेटोळे उभे कापले, तर तारेचे तुकडे एका ओळीत दिसतील. नंतरच्या आकृत्यांतील तुटक रेघेचा अर्थ असा सहज ध्यानात येतो. धनाग्रही प्रथम पत्र्यासारख्या चौकोनाने आणि पुढे केवळ आडव्या रेघेने दाखविले जाऊ लागले. जाळ्या वाढल्या तसे वर्तुळ लांबट झाले. पेंटोडमध्ये तीन जाळ्यांसाठी तीन तुटक रेघा येतात. वर्तुळात ठळक ठिपका असल्यास नलिकेत निर्वात नसून वायू भरलेला आहे, असे समजावे.

चिन्ह काय सांगत नाही

चिन्ह जोडणी सांगते. वस्तूची मांडणी सांगत नाही. ई.सी.सी. ८३ या नलिकेत एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. आकृतीत तिचे दोन अर्धे भाग कागदाच्या दोन टोकांस असू शकतात. तेवढ्यावरून दोन नलिका समजू नयेत. पहिल्या ट्रायोडचे धनाग्र, जाळी व ऋणाग्र अनुक्रमे १, २ व ३ क्रमांकांच्या पिनांस, तर दुसऱ्याची अग्रे ६, ७ व ८ यांस जोडलेली असतात. हे क्रमांक नलिका उलटी धरून, पिनांमधील मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजावयाचे असतात. वरून पाहून मोजल्यास सर्व क्रम उलटा होतो.

पुष्कळ आकृत्यांत ऋणाग्रास तापविणारा तापक चिन्हातून गाळून पानाच्या तळाशी वेगळा काढतात. हे गाळणे विशेष महत्त्वाचे आहे. उलट-सुलट व एकदिश अशा दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या संचांत सर्व तापक एका साखळीत असतात. यू.सी.एच. ४२, यू.एफ. ४१, यू.बी.सी. ४१, यू.एल. ४१ व यू.वाय. ४१ या पाच नलिका घ्या. त्यांच्या तापकांस अनुक्रमे १४, १२.६, १४, ४५ व ३१ व्होल्ट लागतात, बेरीज ११६.६ व्होल्ट. पुरवठा २३० व्होल्टचा असेल, तर उरलेले ११३.४ व्होल्ट रोधकाने घ्यावे लागतात. प्रवाह ०.१ अँपिअर असल्याने रोध सुमारे ११३४ ओहम येतो आणि त्यात ११ वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. एक तापक तुटला की पाचही नलिका विझतात. मुख्य आकृतीतील चिन्हे कितीही वेळ न्याहाळली, तरी हे कारण तेथे सापडणार नाही.

याच संचांत धातूची बैठक वीजपुरवठ्याच्या एका तारेस थेट जोडलेली असू शकते. जमिनीची जोडणी आणि बैठकीची जोडणी यांची चिन्हे वेगळी आहेत; परंतु कित्येक जुन्या आकृत्यांत दोहोंसाठी एकच चिन्ह वापरलेले आढळते. ते पाहून बैठक निर्धोक मानणे जिवावर बेतू शकते. संच बंद केल्यावरही धारित्रांत विद्युत्‌भार शिल्लक राहतो. म्हणून अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीवाचून असा संच उघडू नये.

वाचनाचा क्रम

आकृती हाती आल्यावर प्रथम तिची रीत ओळखावी. नंतर नलिकेचे नाव पाहून पिनांचा तक्ता मिळवावा, तापकांची साखळी शोधावी आणि शेवटी बैठक कोठे जोडली आहे ते निश्चित करावे. १९६० नंतर आंतरराष्ट्रीय मानकांमुळे चिन्हांत पुष्कळ एकवाक्यता आली. पण तोपर्यंत ट्रान्झिस्टरने रेडिओत व्हॉल्व्हची जागा घेण्यास प्रारंभ केला होता. जुने संच मात्र आपापल्या जुन्या लिपीतच बोलतात, आणि ती लिपी शिकूनच त्यांस हात लावणे इष्ट होय.