कागदावरचे डाग मोजायचे कसे? : रद्दी, स्कॅनर आणि आपण



उसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावर असते. आकडा चुकला असे वाटले तर हुज्जत घालता येते, फेरवजन मागता येते. पण 'मालात घाण आहे' असे कोणी म्हटले, तर ती किती, हे नुसत्या नजरेने कोण ठरवणार? घेणाऱ्याला ती जास्त दिसते, देणाऱ्याला कमी. हाच वाद रद्दीपासून कागद बनवणाऱ्या धंद्यात फार जुना आहे. तेथे त्यावर जी तोड निघाली, ती या पाठात समजून घेऊ.

बोईसरचे उदाहरण घ्या. तेथील तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. माल बाहेर पाठवायचा तर पुठ्ठ्याची खोकी लागतातच. असा पुठ्ठा बहुतांशी रद्दीपासून होतो, आणि त्याच रेल्वेमार्गावर उत्तरेला असलेल्या वापीत रद्दीवर चालणाऱ्या कागद गिरण्या पुष्कळ आहेत. रद्दी म्हणजे नुसता कागद नव्हे. तिच्यात छपाईची शाई, टाचण्या, प्लॅस्टिक, मेण, चिकटपट्टीचा डिंक असे सगळे येते. लगदा धुऊन चाळला तरी थोडे उरतेच. शाईचा कण राहिला तर कागदावर काळा ठिपका दिसतो. डिंक राहिला तर तो यंत्राच्या जाळीला आणि रुळांना चिकटतो, कागदाला भोक पडते, कधी कागद तुटून यंत्रच थांबते.

पूर्वी हे ठिपके माणूस डोळ्यांनी मोजत असे. अमेरिकेतील 'टॅपी' या कागद-तंत्रज्ञांच्या संस्थेने त्यासाठी एक तक्ता केला. त्यावर लहानमोठे काळे ठिपके छापलेले असतात. कागदावरचा डाग तक्त्यातल्या कोणत्या ठिपक्याइतका उठून दिसतो, ते पाहून त्याचे क्षेत्रफळ मांडायचे. फिकट डाग आकाराने मोठा असला तरी डोळ्यात कमी भरतो, म्हणून तो लहान काळ्या ठिपक्याबरोबर धरायचा. पद्धत चांगली, पण वेळखाऊ. शिवाय दोन माणसांचे आकडे जुळतीलच असे नाही. पुढे हेच काम स्कॅनर आणि संगणकावर आले.

आता हिशेब पाहू. कचेरीतला साधा स्कॅनर एका इंचात ६०० बिंदू टिपतो. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा एक बिंदू सुमारे ०.०४२ मिलिमीटर रुंद झाला आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.००१८ चौरस मिलिमीटर आले. ०.०४ चौरस मिलिमीटरचा बारीकसा ठिपका अशा सुमारे २२ बिंदूंत बसतो, म्हणजे तो नजरेतून निसटत नाही. ए-४ कागदाचे क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर. समजा, त्यावरच्या सर्व डागांची बेरीज ३.१२ चौरस मिलिमीटर आली. ३.१२ ला ०.०६२४ ने भागले की ५० येतात. एका चौरस मीटरमागे ५० चौरस मिलिमीटर, म्हणजेच दहा लाख भागांत ५० भाग घाण. झाला आकडा तयार!

मात्र यंत्र आले म्हणजे न्याय आला, असे नाही. किती काळे दिसले म्हणजे 'डाग' म्हणायचे, ही मर्यादा माणूसच ठरवतो. ती जरा इकडची तिकडे केली की आकडा बदलतो. कागद पातळ असेल तर मागचे झाकण आरपार दिसते. म्हणून त्याच कागदाचे आणखी ताव पाठीशी ठेवावे लागतात. काचेवरची धूळसुद्धा डाग म्हणून मोजली जाते. म्हणून काचा पुसून, माहीत असलेल्या आकाराचे ठिपके आधी मोजून यंत्राची परीक्षा घ्यायची. काटा शून्यावर आहे का, हे आपण पाहतो तसेच हे.

डिंकाची गोष्ट निराळी. तो रंगहीन असल्याने स्कॅनरला दिसतच नाही. त्यासाठी लगदा अगदी अरुंद फटींच्या चाळणीतून काढतात आणि वर राहिलेला गाळ गाळणकागदावर घेतात. मग तो काळा रंगवून त्यावर पांढरी भुकटी टाकतात. भुकटी फक्त चिकट कणांना धरते, बाकीची झाडली जाते. काळ्यावर पांढरे उठून दिसले की स्कॅनर मोजायला मोकळा.

आता आपल्या कामाचे. उसातील पाचट, माती, मुळ्या यांना फोटो पुरणार नाही, कारण मोळीच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही. तेथे नमुन्याची मोळी सोडून, साफ करून, आधीचे व नंतरचे वजन घेणे हाच सरळ मार्ग. पण धडा तोच आहे: नमुना कोणी व कसा निवडायचा, घाण कशाला म्हणायचे आणि मोजायचे कसे, हे माल येण्याआधी दोन्ही बाजूंनी ठरवावे, मोजणी दोघांच्या समक्ष व्हावी आणि आकडा लिहून दोघांकडे राहावा. कपात मान्य करणे मग जड जात नाही. तसेच फडातच पाचट काढून, माती झटकून मोळी बांधली तर कपातीचा प्रश्नच लहान होतो. रद्दीचेही तसेच, घरातच कोरडा कागद वेगळा ठेवला तर गिरणीला डाग कमी काढावे लागतात.

नजरेच्या अंदाजावर तंटे वाढतात, मापावर व्यवहार टिकतो. आपला कारखाना सहकारी आहे, तेव्हा हे माप ठरवताना सभासदांनी गप्प बसू नये.